घराणं चांगलं, पण भाता फुटका

सासऱ्यांना भेट काय द्यावी, हा प्रश्न जावयाला पडूच नये अशी चोख व्यवस्था आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. देणारे ते, घेणारे आपण. दिवाळसणाची अंगठी, धोंड्याच्या महिन्यातले तेहतीस अनारसे आणि त्यांच्याखालचं चांदीचं ताट, सगळा माल एकाच दिशेनं वाहतो. म्हणून बायको जेव्हा म्हणाली, "नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आपण त्यांना पियानो देऊ या," तेव्हा माझा पहिला आक्षेप धर्मशास्त्राचा होता. दुसरा पैशांचा.

"नानांना पियानो येत नाही," मी तिसरा काढला.

"यायला नको. तो आपोआप वाजतो."

"मग नानांनी काय करायचं?"

"भाता मारायचा."

हजार पौर्णिमा पाहिलेल्या बापाला मुलगी भाता मारायला बसवणार, आणि तेही शांत-होम करून, हे मला जरा जास्त वाटलं. पण आमच्या घरात नानांच्या बाबतीत मला मत असतं, मताधिकार नसतो.

नाना सांगलीचे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले, पण ती नोकरी. जीव होता तो ऑर्गनमध्ये. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून त्या गावात ज्याला नाटकात काम मिळत नाही तो निदान पडदा ओढतो. नानांना नटाचा चेहरा नव्हता आणि गायकाचा गळा नव्हता. म्हणून ते रंगमंचासमोर प्रेक्षकांकडे पाठ करून बसले आणि चाळीस वर्षं हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत राहिले. पायानं भाता, हातानं सूर. गाणारा एखादी ओळ विसरला तर ती आधी नानांच्या बोटांना आठवायची, असं सांगलीत अजूनही सांगतात. अर्थात सांगणारे बहुतेक नानाच असतात.

त्या ऑर्गनच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत 'एस्टी' असं नाव होतं. माझी बायको लहानपणी तो एस.टी. महामंडळाच्या मालकीचा समजायची. तासगाव-विट्याच्या प्रयोगांना नाना तो एस.टी.च्या टपावरच बांधून नेत, त्यामुळे तिच्याकडे पुरावाही होता. अमेरिकेत आल्यावर उलगडा झाला, की एस्टी ही व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावची कंपनी. तिनं पाच लाखांवर ऑर्गन बनवले आणि मिशनऱ्यांबरोबर ते जगभर गेले. नानांचा मिरजेच्या मिशनमधून निघून, दोन हात फिरून त्यांच्याकडे आला होता. चर्चमध्ये वाढलेलं ते पोर सांगलीत येऊन सुभद्रेच्या मागे वाजू लागलं. इतकं सहज धर्मांतर आमच्या भागात दुसरं झालेलं नाही.

2019च्या ऑगस्टात कृष्णा घरात शिरली. माणसं वरच्या मजल्यावर गेली, ऑर्गन खालीच राहिला. त्याला उचलणार कोण? जुन्या वाद्यांचे सांधे सरसानं जोडलेले असतात, आणि सरस पाण्यात विरघळतो. पाणी ओसरल्यावर नाना खाली आले, तर ऑर्गन मोडला नव्हता, उलगडला होता. फळ्या वेगळ्या, भात्याचं कातडं वेगळं, चिखलात पट्ट्या अशा पसरलेल्या की जणू कुणी हिशेबानं सोडवून ठेवल्या आहेत. नाना बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कारागीर चांगला होता. एक सांधा तुटला नाही. सगळे सुटले."

तोवर संधिवातानं त्यांची बोटंही वाकली होती. त्यामुळे नवा ऑर्गन घेण्याचा विषय निघाला नाही.

पुढे ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत आले. इकडे आलेल्या आईवडिलांना आपण आधी देवळं दाखवतो, मग मॉल, मग नायगारा, मग पुन्हा देवळं. एका रविवारी पाऊस होता आणि देवळं संपली होती. म्हणून मॉरिसटाउनच्या मॉरिस म्युझियममध्ये गेलो. तिथे आयर्लंडच्या त्या बिअरवाल्या गिनेस घराण्यातल्या एका वारसाचा संग्रह आहे. आपोआप वाजणारी वाद्यं आणि आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, मिळून साडेसातशेच्या आसपास. सहस्रचंद्रदर्शनाला अजून अवकाश होता आणि माझ्या खिशाला कसलीच चाहूल नव्हती.

एक बाई एका उभ्या पियानोसमोर बसून प्रात्यक्षिक दाखवत होत्या. मध्यभागी कागदाची गुंडाळी उलगडत होती, तिच्यावर बारीक भोकं, आणि पट्ट्या एकट्याच खालीवर होत होत्या. सगळे प्रेक्षक त्या पट्ट्यांकडे आ वासून बघत होते. नाना मात्र हळूच गुडघ्यात वाकले आणि खाली बघू लागले.

"अहो जावईबापू," ते मला खेचत म्हणाले, "बाई पायानं वाजवतायत."

परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर एक अक्षर बोलले नाहीत. पण गाडीच्या पायपुसण्यावर टप-टप, टप-टप असा आवाज घरापर्यंत येत होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी पियानोचं नक्की झालं. मला ते बऱ्याच उशिरा सांगण्यात आलं.

मी संगणकवाला माणूस. मला सूर कळत नाही, पण भोक पाडलेला कागद कळतो. त्यामुळे या वाद्याचा इतिहास मी हाती घेतला. डेट्रॉइटमध्ये 1895च्या सुमारास एडविन व्होटी नावाच्या गृहस्थानं पहिला 'पियानोला' बनवला. तो तेव्हा पियानोच्या पोटात नव्हता. ते एक वेगळं कपाट होतं, पियानोसमोर ढकलून आणायचं. त्याला नमद्याची टोकं लावलेली लाकडी बोटं होती आणि ती बाहेरून पट्ट्या दाबायची. म्हणजे घरी येणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांसारखं. पुढे मास्तर पियानोतच राहायला गेले. सुरुवातीला प्रत्येक कंपनीच्या गुंडाळीची भोकं वेगळी, जसे आपल्याकडे मोबाइलचे चार्जर असत. मग 1908 साली कारखानदार बफेलोत जमले आणि ठरलं: सव्वाअकरा इंच रुंदीचा कागद, 88 सुरांसाठी इंचाला 9 भोकं. कारखानदार एका बैठकीत एकमतानं उठले, ही घटना मला त्या यंत्रापेक्षाही अद्भुत वाटते. शंभर वर्षांपूर्वीची गुंडाळी आज त्याचमुळे अशा कुठल्याही पियानोवर चढते.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वाद गेला, की अशी गुंडाळी म्हणजे छापील गाण्याची नक्कल होते का? न्यायमूर्तींनी निकाल दिला, नाही. कारण ती माणसाला वाचता येत नाही. पुढच्या वर्षी कायदाच बदलून रचनाकारांना दर गुंडाळीमागे 2 सेंट देवविले, म्हणून बरं. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या नाटक मंडळाच्या जमाखर्चाला हाच न्याय लावत होते."

1923 साली अमेरिकेत बनलेल्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त असे गुंडाळीवर वाजणारे होते. मग रेडिओ आला, 1929ची मंदी आली, आणि हे सगळे पियानो हळूहळू माळ्यावर, तळघरात आणि गॅरेजात गेले. तिथून ते बाहेर काढण्याची ज्यांच्यावर वेळ येते, त्यांना आपल्याकडे जावई म्हणतात.

अमेरिकेत जुना पियानो मिळवणं कठीण नाही. कठीण आहे ते तो न मिळवणं. "फुकट. फक्त घेऊन जा," अशा जाहिराती ढिगानं असतात. त्यातल्या 'फक्त'चं वजन साडेतीनशे-चारशे किलो असतं. बाकी मजकूर वाचताना मला आपल्या वधूवर मंडळाची वही आठवली. 'पूर्वी उत्तम वाजत असे.' 'किरकोळ दुरुस्ती.' 'आजीची आठवण, चांगलं घर मिळावं एवढीच अपेक्षा.' एकीनं तर 'फोटो जुना आहे' हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तेव्हा आम्ही रीतसर स्थळं बघायला लागलो.

पहिलं स्थळ एका गॅरेजात होतं. मालक उमदा माणूस. त्यानं अभिमानानं पुढची सरकती दारं उघडली. आत 88 भोकांची पितळी पट्टी झळकत होती. मी तज्ज्ञाच्या थाटात खालचा दरवाजा काढला, तर आत अंधार. भाता नाही, नळ्या नाहीत, काही नाही. "ते सगळं माझ्या वडिलांनी काढून टाकलं," तो म्हणाला, "तेव्हापासून छान हलका झालाय." मुलगा देखणा, उंची चांगली, घरचं शेत, फक्त जिवंत नाही. त्या काळात रेडिओपुढे हरलेल्या शेकडो पियानोंचं असं पोट रिकामं करून टाकलं, हे मला नंतर कळलं. चहा न घेता उठलो.

दुसऱ्या स्थळी आजीबाई होत्या, आणि तिथे मुलाकडचे कोण अन् मुलीकडचे कोण याचा गोंधळ झाला. त्यांनीच आमची उलटतपासणी घेतली. घरात ऊन थेट येतं का? मुलं चढणार तर नाहीत? "कापून त्याचा बार तर करणार नाही ना?" माझ्या बायकोनं शपथेवर सांगितलं, की आमच्या घरात दारूला स्थान नाही. मी खिडकीबाहेर बघितलं.

नाना बरोबर होते. कारण गुपित एव्हाना फुटलं होतं. नातवानं जेवताना विचारलं होतं, "नानाआजोबा, तुमच्या पियानोत उंदीर चालतील का?" नाना त्या बाकावर बसले. बूट काढले. दोन्ही तळवे पेडलांवर टेकवून क्षणभर थांबले, आणि दोनच पावलं मारली. फुस्स. त्यांनी मान तिरकी केली, जशी वैद्य नाडी बघताना करतात.

"घराणं चांगलं, पण भाता फुटका," ते म्हणाले. "उजवीकडे, खाली, मागच्या अंगाला."

मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो. उजवीकडे, खाली, मागच्या अंगाला रबरी कापडाला बोटभर चीर होती आणि चिरेतून उंदराच्या एका सुखी कुटुंबाचं बिऱ्हाड दिसत होतं. रबरी नळ्यांना हात लावला तर त्या चकलीसारख्या तुटल्या. आजीबाई थक्क झाल्या. "हे पियानो दुरुस्त करतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली, "बीजगणित."

तिसऱ्या स्थळाचं सगळं उत्तम होतं, फक्त मालकानं त्याला विजेची मोटर बसवली होती. बटण दाबलं की भाता आपोआप. तो म्हणाला, हात नको, पाय नको, काही करायला नको. नाना बँकेत पासबुक भरून मिळेपर्यंत बसतात तसे त्याच्यासमोर हात बांधून बसले. गाणं संपल्यावर अतिशय सौजन्यानं म्हणाले, "छान आहे हो. पण मग आपण रेडिओच घेऊ या."

इथे मला पहिल्यांदा कळलं, की आपण शोधतोय काय. मी तोपर्यंत 'आपोआप वाजणारा पियानो' शोधत होतो. नाना आपोआप न वाजणारा शोधत होते.

चौथं स्थळ पेनसिल्व्हेनियात, शेताकडेच्या एका जुन्या कोठारात. तिथला माणूस असे पियानो मुळापासून पुन्हा उभे करतो. दाढी छातीपर्यंत, बोलणं दिवसाला वीस शब्द. जाहिरातवाल्यांच्या लेखी पियानो 'रिस्टोअर' केला म्हणजे बाहेरून पॉलिश मारलेला असतो. या माणसाकडे उलटं होतं. बाहेरचं लाकूड ओरखड्यांसकट तसंच, आणि आतलं सगळं नवं. टेबलावर सांडगे वाळत घालावेत तसे 88 छोटे भाते ओळीनं मांडलेले. प्रत्येक बोटभर रुंद, प्रत्येकाला नवं कापड. कोपऱ्यात एका भांड्यात मंद आचेवर काहीतरी शिजत होतं. वास मला असह्य झाला. नानांनी मात्र नाक वर करून डोळे मिटले.

"सरस," ते म्हणाले.

मी दुभाषी झालो. नानांनी विचारलं, आता इतके चांगले डिंक निघालेत, मग हाच का? दाढीवाला म्हणाला, "पुढच्याला उघडता यावा म्हणून." पुढचा म्हणजे पन्नास वर्षांनी हा पियानो दुरुस्त करायला येणारा. आधुनिक डिंक लावला तर त्याला सांधा सोडवता येत नाही, फोडावा लागतो.

मग नानांनी त्याला कृष्णेची गोष्ट सांगितली. बायकोनं भाषांतर केलं, मधे थांबली, पुन्हा सुरू केलं. दाढीवाल्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "लाकूड कुठे चिरफळलं नव्हतं?" नानांनी मान हलवली. "म्हणजे जोडणारा चांगला होता," तो म्हणाला. मी ते भाषांतर करायला गेलो तर नाना म्हणाले, "कळलं."

पुढचा तासभर त्या दोघांना आमची गरज पडली नाही. एक मराठीत बोलत होता, दुसरा बोलतच नव्हता. यंत्राची खुबी अशी: पाय चालले की मोठा भाता हवा ओढून घेतो आणि आत पोकळी तयार होते. कागदातलं भोक पितळी पट्टीवरच्या भोकावर आलं, की तेवढ्या वाटेनं बाहेरची हवा नळीत घुसते. तिच्या धक्क्यानं कातड्याची नाण्याएवढी थैली फुगते, थैली झडप उचलते, आणि त्या सुराचा छोटा भाता क्षणात मिटतो. मिटता मिटता तो हातोडी ढकलतो. 88 सूर, 88 भाते, आणि सगळ्यांची भाकरी दोन पायांवर.

"आपली हातपेटी फुंकते," नाना मला समजावत होते, "एस्टी ओढायची. हाही ओढणारा. एकाच गोत्रातले हो!"

मग परीक्षा. दाढीवाल्यानं भोकांवर कोरा कागद धरला आणि नानांना खूण केली. सगळी भोकं बंद असताना भाता मारला, तर पाय जड होत होत अडले पाहिजेत. कुठे गळत असेल तर पाय मोकळे चालत राहतात. नानांनी चार पावलं टाकली, पाचवं अडलं. ते तसेच पाय रोवून बसले, हसत. मग कागद काढून गुंडाळी चढवली आणि त्यांनी ते केलं जे मी यूट्यूबच्या एकाही चित्रफितीत पाहिलं नव्हतं. हळू सुरासाठी नुसता अंगठा टेकवला, आघाताच्या आधी क्षणभर श्वास रोखावा तसा पाय रोखला, आणि समेवर टाच दिली. तोच कागद, तीच भोकं. आधी त्या माणसानं वाजवलं तेव्हा ते यंत्र होतं. आता मागे कुणीतरी गात असावं आणि त्याला जागा करून दिली जात असावी, असं वाटत होतं. मला, म्हणजे ज्याला राष्ट्रगीत आणि रेल्वेची घोषणा यांतला फरक शब्दांवरून कळतो त्याला, हे जाणवलं.

दाढीवाल्यानं दिवसाचे उरलेले शब्द तिथे खर्च केले. तो म्हणाला, गिऱ्हाइकं येतात, सायकल मारतात आणि जातात.

दोन गोष्टींनी नानांना जिंकलं. एक, लयीचा दांडा. तो डावीकडे नेला की कागद सावकाश सरकतो, पण पट्टी ढळत नाही. ग्रामोफोनची तबकडी हळू फिरवली की गायिकेचा गायक होतो, तसं इथे होत नाही, कारण सूर तारांचा आहे. दुसरं म्हणजे भोकांची पट्टी आडवी सरकवण्याचा एक खटका. तो सगळ्याच पियानोंना नसतो, याला होता. तो फिरवला की अख्खं गाणं काळी एकवरून काळी दोनला. चाळीस वर्षं वेगवेगळ्या गळ्यांच्या नटांमागे धावलेल्या माणसाला हे दिसल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. "असं असतं आपल्याकडे, तर निम्म्या तालमी वाचल्या असत्या!"

किंमत मी सांगत नाही. आमची दुसरी गाडी आता नाही, एवढं पुरे.

पियानो घरी आला त्या दिवशी चार धिप्पाड माणसं आली, फळ्या, पट्टे आणि चाकांची गाडी घेऊन. एका मराठी मित्रानं फोनवरून कळवलं होतं, "कशाला पैसे घालवतोस, आपण पोरं पोरं उचलू." ही पोरं सरासरी बावन्न वर्षांची असून त्यांतल्या तिघांच्या कमरेला पट्टा आहे. पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो, हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. त्यामुळे तो दारातून आत येताना मी अंगणाच्या पलीकडच्या कडेला उभा राहून मार्गदर्शन केलं. आमचं घर इथल्या रिवाजाप्रमाणे लाकडाचं. पियानो टेकल्यावर जमिनीनं जो आवाज काढला, तो त्या दिवशीचा पहिला सूर.

सहस्रचंद्रदर्शनाला गुरुजींनी पियानोला हळदकुंकू वाहिलं, नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायला लावला. "यात कातडं आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. नाना म्हणाले, "आहे. तबल्यातही असतं." प्रश्न मिटला.

मग मंडळी गायला बसली आणि खरी अडचण कळली. दाढीवाल्यानं पियानोबरोबर चाळीसेक गुंडाळ्या दिल्या होत्या, त्या सगळ्या फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ आणि रॅगटाइम. त्यांच्या कडेला गाण्याचे शब्द छापलेले असतात, आणि कागद वरून खाली सरकतो म्हणून ते खालून वर वाचावे लागतात. इस्लामपूरचे एक पाहुणे, वय चौऱ्याहत्तर, मान तिरकी करून 1920च्या सुमाराचं एक अमेरिकन प्रेमगीत खालून वर गायले, आणि त्यांच्या पत्नीनं आपण यांना ओळखत नाही असा चेहरा केला. नानांनी लयीचा दांडा इतका डावीकडे नेला की त्या रॅगटाइमचा बडा ख्याल झाला.

एका गुंडाळीवर गर्श्विनचं नाव होतं. हा माणूस विशी गाठायच्या आधी न्यूयॉर्कहून शनिवारी ईस्ट ऑरेंजला येऊन पैशांसाठी गुंडाळ्या वाजवून द्यायचा. ईस्ट ऑरेंज आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. "म्हणजे गावातलाच मुलगा," म्हणून नानांनी ती बाजूला काढून ठेवली.

नातवानं, त्याला हल्ली सगळं येतं, आणखी एक गोष्ट शोधून काढली होती. फॅट्स वॉलर नावाचा मोठा जॅझ पियानोवादक लहानपणी असाच शिकला: गुंडाळी सावकाश चालवायची, आणि ज्या पट्ट्या आपोआप खाली जातील त्यांच्यावर बोटं ठेवायची. पाहुणे जेवायला उठल्यावर नाना एकटेच पियानोसमोर होते. मी साखरभाताची वाटी द्यायला गेलो. त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले होते. नुसते ठेवले होते, दाबले नव्हते. पट्ट्या खाली जात होत्या आणि ती वाकडी बोटं त्यांच्याबरोबर जात होती.

"उलटं आहे हो सगळं," ते मागे न बघता म्हणाले. "तिकडे मी त्याला शिकवायचो."

नाट्यसंगीताची सोय नातवानंच केली. या पियानोंच्या हौशी मंडळींमध्ये अजूनही काहींकडे कागदाला भोकं पाडायची यंत्रं आहेत. संगणकावर सूर लिहून पाठवले की ते गुंडाळी करून देतात. 'मानापमान'मधलं एक पद निवडलं, चाल गोविंदराव टेंब्यांची, म्हणजे एका पेटीवाल्याचीच. तीन आठवडे नाना सांगत होते आणि पोरगा भोकं मोजत होता. एका सुरापाशी दोघांचं भांडण झालं, कारण नानांना दोन पट्ट्यांच्या मधला सूर हवा होता. "तिथे भोक नाहीये, नानाआजोबा!" "मग पाड!" मींड काढता येत नाही म्हणून जिला आकाशवाणीनं 1940पासून तीसेक वर्षं दाराबाहेर उभं केलं, त्या पेटीच्या गोत्रातल्या वाद्यावर ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस आता पियानोकडून मींड मागत होता. शेवटी गुंडाळी आली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा ते पद, माझ्या बायकोच्या शब्दांत, "सूट घातलेल्या धैर्यधरासारखं" वाटलं. पण नाना पायानं त्याला रोज थोडं थोडं धोतर नेसवत गेले.

एप्रिलमध्ये नानांचे सहा महिने संपले. पियानो सांगलीला न्यायचा विषय निघाला. पट्ट्यांवर हस्तिदंत आहे, त्याच्या परवानग्यांची यादी मी वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावर मिटली. शिवाय नाना म्हणाले, "तिकडे कृष्णा आहे."

तर पियानो इथे आहे आणि नाना तिकडे. भाता न वापरता ठेवला तर कापड आखडतं, असं दाढीवाल्यानं बजावलं होतं. बायकोचे गुडघे दुखतात, मुलाचा अभ्यास असतो. तेव्हा दर रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे सांगलीत संध्याकाळी, मी मोजे घालून त्या बाकावर बसतो. व्हिडिओ कॉल लागतो. समोर नाना, त्यांच्या मागे दोन मेहुणे, एक मावशी आणि भडंगाची परात. मी नमस्कार करतो, काही तरी बोलायला जातो.

"चेहरा नको, जावईबापू," नाना म्हणतात. "फोन खाली ठेवा. पाय दिसू देत."